कॉलेजात रोज न्यायची लॅपटॉप बॅग : काय मोजायचं, कुठे ओढून बघायचं

मोजपट्टी

कॉलेजातली बॅग दिवसातून पंधरा-वीस वेळा खांद्यावरून उतरते आणि पुन्हा चढते. वर्गात बाकाखाली, वाचनालयात खुर्चीशेजारी, प्रयोगशाळेबाहेर सरळ जमिनीवर. ऑफिसची बॅग घरून निघते आणि टेबलाशी थांबते, तिला एवढे हाल सोसावे लागत नाहीत. म्हणून खिसे मोजत बसण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात: लॅपटॉप आत नीट बसतो का, तो जमिनीपासून किती वर राहतो, आणि पट्टे बॅगेला कसे जोडलेत. कापड सहसा शेवटपर्यंत टिकतं, बॅग जाते ती सांध्यांपाशी.

आधी माप. '१५.६ इंच' हे पडद्याच्या कर्णाचं माप आहे, त्यावरून यंत्र केवढं ते कळत नाही. १६:९ प्रमाणाचा १५.६ इंची पडदा ३४.५ सेंमी रुंद आणि १९.४ सेंमी उंच असतो. १६:१० प्रमाणाचा १६ इंची पडदासुद्धा ३४.५ सेंमीच रुंद, पण उंची २१.५ सेंमी. रुंदी तीच, उंची दोन सेंमीने जास्त. भोवतीची चौकट आणि मागच्या बाजूची गरम हवा सोडणारी जाळी धरली की साध्या यंत्राची खोली, म्हणजे बिजागरीपासून पुढच्या कडेपर्यंतचं अंतर, २३ ते २५ सेंमी होते. गेमिंगच्या यंत्रात ती २७-२८ सेंमीपर्यंतही जाते.

इथेच घोळ होतो. पाठीवरच्या बॅगेत लॅपटॉप बहुतेक वेळा उभा जातो, आखूड बाजू खाली करून. म्हणजे कप्प्याची रुंदी यंत्राच्या खोलीला पुरायला हवी. '१५.६ इंचासाठी' असं लिहिलेल्या बॅगेत १६ इंची यंत्र अडतं ते याच कारणाने: लांबी मावते, पण कडा चेनवर येतात.

कप्पा म्हणजे दोन कापडांची पिशवी. ती सपाट ठेवून आतून मोजलेली रुंदी = यंत्राची खोली + यंत्राची जाडी + किमान १ सेंमी. यंत्र २५ सेंमी खोल आणि २.४ सेंमी जाड असेल तर कप्पा आतून २८.५ सेंमी हवा. खांद्यावर आडव्या अडकवायच्या बॅगेत लॅपटॉप आडवा जातो, तिथे खोलीऐवजी लांबी धरायची: ३६ + २.४ + १, म्हणजे साधारण ३९.५ सेंमी. जाडी मोजताना खालचे रबरी पाय धरून मोजा, माहितीपत्रकातली जाडी बऱ्याचदा सगळ्यात पातळ जागेची असते.

यंत्र सोबत न्यायचं नसेल तर पुठ्ठ्याचे तुकडे त्याच मापाने कापून, जाडी होईपर्यंत एकावर एक चिकटवून तो ठोकळा न्या. ठोकळा कप्प्यात घालून कप्प्याचा बंद लावा आणि मग मुख्य चेन ओढा. चेन वरच्या कोपऱ्यांवरून वळताना अडखळली तर ती बॅग ठेवून द्या. वह्या भरल्यावर तो अडथळा वाढतच जातो.

उलट, कप्पा फार मोठा असणंही वाईट. १४ इंची यंत्र १७ इंची कप्प्यात चालताना खालीवर आपटतं.

आता तळ. एक हात लॅपटॉपच्या कप्प्यात खालपर्यंत घाला, दुसरा हात बाहेरून बॅगेच्या बुडाला लावा. दोन्ही हातांमध्ये दोन ते चार सेंमी पोकळी जाणवली पाहिजे. कप्पा तळाच्या वर लटकता शिवलेला असला तरच ती मिळते. कप्पा थेट बुडाच्या शिवणीत संपत असेल तर फरशीवर ठेवलेली प्रत्येक बॅग म्हणजे यंत्राच्या कोपऱ्यावर एक ठोका. उभा ठेवलेला लॅपटॉप खालच्या दोन कोपऱ्यांवरच तोललेला असतो, आणि बिजागरीजवळच्या कोपऱ्याला मार बसला की झाकण नीट मिटेनासं होतं.

शिलाईबद्दल आणि चेनबद्दल जाणकारांनी लिहावं.

दुहेरी_शिलाई

मापाचं सूत्र अगदी बरोबर आहे. कप्प्याला आतून जाड फोम असेल तर वळताना तोही जागा खातो, म्हणून ५ मिमीपेक्षा जाड फोमला अर्धा सेंमी आणखी धरा.

शिलाई बघायची ती चार ठिकाणी, आणि क्रमाने. पहिली जागा खांद्याच्या पट्ट्याचं वरचं टोक. बॅग उचलली की सगळं ओझं तिथे येतं. खांदा आत घालताना पट्टा तिरका ओढला जातो, तो झटकाही तिथेच बसतो. पट्टा पाठीच्या कापडावर वरून ठेवून एका सरळ रेषेत शिवलेला असेल तर तो कडेपासून उसवायला लागतो: आधी एक टाका सैल, मग शेजारचा, मग पूर्ण ओळ. चांगल्या कामात पट्ट्याचं टोक शिवणीच्या आत घेतलेलं असतं, वर रुंद पट्टीचा तुकडा लावलेला असतो आणि त्यावर चौकोन काढून आत फुली मारलेली असते. अरुंद जागी फुलीऐवजी अगदी दाट नागमोडी टाक्यांची जाडसर रेघ असते. नखाने घासलं तर ती दोऱ्याच्या वळासारखी लागते. दोन्ही चालतात. नुसती सरळ रेघ चालत नाही.

दुसरी जागा पट्ट्याचं खालचं टोक. तिथे अरुंद पट्टी बाजूच्या शिवणीत थेट घातलेली असेल तर तिरक्या ओढीने शिवण फाकते. मध्ये कापडाचा त्रिकोणी तुकडा घेतलेला असला की ओढ सात-आठ सेंमी लांबीवर वाटली जाते.

तिसरी जागा वरचं धरायचं हँडल. धावपळीत बॅग त्याच्यानेच उचलली जाते, म्हणून त्यालाही पट्ट्याइतकंच भक्कम काम हवं. चौथी जागा आतली कड. बॅग उलटी करून बघता येत नसेल तर मुख्य कप्प्यात हात घालून शिवणीची आतली बाजू चाचपा. शिवणीपलीकडे किमान १ सेंमी कापड शिल्लक हवं आणि त्यावर पट्टी बसवलेली हवी. तीन-चार मिमीच कापड उरलं असेल तर कापडाचे धागे सुटत सुटत शिवणीपर्यंत येतात. टाके शाबूत राहतात आणि कापड त्यातून निसटतं. अशी शिवण पुन्हा घालायला जागाच उरलेली नसते, म्हणून हा दोष सगळ्यात वाईट.

टाक्याची लांबी ३ ते ४ मिमी ठीक. बारीक टाके म्हणजे मजबुती असा समज आहे, पण जाड कापडावर फार दाट टाके घातले की सुईची भोकं जवळजवळ येतात आणि ताण आला की कापड त्या ओळीवर पोस्टाच्या तिकिटासारखं फाटतं.

कापडाचं थोडक्यात. डेनियर म्हणजे ९००० मीटर सुताचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तितकं सूत जाड, एवढंच. ६०० डेनियर पॉलिएस्टर रोजच्या कॉलेजला पुरतं. ४२० डेनियर नायलॉन हलकं आणि घासण्याला चिवट. १६८० डेनियर तळाला उत्तम, पण पाठीकडे नको: ते खरखरीत असतं, शर्टावर गोळे आणतं आणि वजनही वाढवतं. नायलॉन कडक उन्हात पॉलिएस्टरपेक्षा लवकर अशक्त होतं, हेही लक्षात असू द्या.

आघाडा

उपयुक्त धागा. एक शंका: १४ इंची, साधारण दीड किलोचा लॅपटॉप आठवड्यातून दोन-तीन दिवसच न्यायचा असेल तर खास लॅपटॉप बॅग घ्यावी की साध्या सॅकमध्ये वेगळं कव्हर घालून चालेल? दुसरं, फोम चांगला की वाईट हे दुकानात कसं ओळखायचं?

मोजपट्टी

@आघाडा, दोन-तीन दिवसांसाठी साधी सॅक आणि वेगळं कव्हर हाच पर्याय जास्त शहाणपणाचा. लॅपटॉप नसलेल्या दिवशी फोमचं वजन उगाच वाहावं लागत नाही, आणि सॅक फाटली तरी कव्हर दुसऱ्या सॅकमध्ये जातं. मात्र ३-४ मिमी जाडीचं रबरासारखं ताणणारं कव्हर ओरखडे थांबवतं, आपटणं थांबवत नाही. कोपऱ्यांना वेगळा जाड फोम लावलेलं कव्हर बघा आणि सॅकच्या बुडाशी घडी घातलेला जाडसर रुमाल किंवा फोमचा दोन सेंमीचा तुकडा ठेवा. कव्हरची चेन धातूची असेल तर आतल्या बाजूने कापडाची पट्टी आहे ना ते पाहा, नाहीतर लॅपटॉप आतबाहेर करताना दातांनी झाकणावर समांतर रेघा पडतात.

फोमसाठी अंगठ्याने दहा सेकंद जोरात दाबून सोडा. लगेच फुगला आणि पूर्ण दाबताना मधे कडकपणा लागला तर चांगला. अंगठ्याला पलीकडचं बोट सरळ जाणवलं तर तो नुसता स्पंज आहे. तो पाणीही धरून ठेवतो. दाबल्यावर करकर आवाज आला आणि खळगा तसाच राहिला तर तो पॅकिंगला वापरतात तसला पांढरा फोम. काही महिन्यांत तो पुठ्ठ्यासारखा चपटा होतो.

ओहमचा_नियम

बॅगेइतकंच आत काय कसं ठेवता यावर अवलंबून आहे, म्हणून ही भर.

बॅगेत घालताना लॅपटॉप खरोखर बंद झाला पाहिजे. झाकण मिटलं म्हणजे यंत्र झोपलं असं आपण धरतो, पण विंडोजच्या अनेक नव्या यंत्रांत झोपेच्या अवस्थेतही इंटरनेट आणि अपडेटची कामं चालू राहू शकतात. फोमच्या बंद कप्प्यात पंख्याला हवा मिळत नाही. तासाभराने बॅग उघडली की यंत्र चटका लागेल इतकं तापलेलं आणि बॅटरी अर्धी. बॅटरीच्या आयुष्याला अशी उष्णता फार मारक आहे. उपाय सोपा: पॉवरच्या सेटिंगमध्ये 'झाकण मिटल्यावर काय करायचं' याच्या उत्तरात, बॅटरीवर असताना 'हायबरनेट' निवडा. त्यात चालू काम डिस्कवर लिहून यंत्र पूर्ण बंद होतं आणि उघडल्यावर काम तिथूनच पुढे सुरू होतं. दोन तासिकांच्या मधल्या पाच मिनिटांसाठी झोप चालेल, पण तासाभराहून जास्त वेळ बॅगेत राहणार असेल तर नको.

माउसचा छोटा रिसीव्हर, पेन ड्राइव्ह, चार्जरची पिन, काहीही बाहेर डोकावत असेल ते काढूनच लॅपटॉप आत घाला. बॅग भिंतीला घासली की तो तुकडा तरफेसारखा काम करतो आणि खोबण बोर्डावरून उचकटते. ती दुरुस्ती पेन ड्राइव्हच्या किमतीत होत नाही.

लॅपटॉप कप्प्यात ठेवताना झाकण पाठीच्या गादीकडे आणि खालची टणक बाजू पुस्तकांकडे ठेवा. जाडजूड पुस्तक झाकणावर दाबलं गेलं की पडदा कळफलकावर टेकतो आणि कळांच्या चौकोनी खुणा पडद्यावर उमटतात. कॅमेऱ्यावर जाड सरकती झडप चिकटवली असेल तर दाब नेमका तिच्यावर येतो आणि काच तडकते.

चार्जरची वायर ठोकळ्याभोवती घट्ट गुंडाळू नका. ठोकळ्यातून जिथे ती बाहेर पडते त्या मानेशी आतल्या तारा तुटतात, वरून काहीच दिसत नाही. ठोकळ्यापासून दहा सेंमी वायर मोकळी सोडा, उरलेल्याची तळहाताएवढी सैल गुंडाळी करा आणि कापडी बंदाने बांधा. चार्जर बॅगेच्या तळाशी मध्यभागी, लॅपटॉपच्या कप्प्याबाहेर ठेवावा. समोरच्या वरच्या खिशात ठेवला तर बॅग मागे ओढते.

बॅगेला बाहेर असलेलं यूएसबीचं तोंड म्हणजे आतून गेलेली एक साधी जोडवायर असते. तिच्यासाठी कापडाला भोक पाडलेलं असतं आणि पाणी तिथून आत येतं. हे तोंड नसलेली बॅग मिळाली तर तीच घ्या.

झाकणाला चुंबकी बटण असलेल्या बॅगा येतात. त्याने एसएसडीला, म्हणजे लॅपटॉपमधल्या साठवणुकीच्या चिपला, काही होत नाही. पण झाकण मिटलंय की उघडं हे लॅपटॉप चुंबकावरूनच ओळखतो, त्यामुळे बटणाजवळ ठेवलेला टॅबलेट किंवा लॅपटॉप मधेच जागा होऊ शकतो. चुंबकी पट्टीची जुनी ओळखपत्रंही त्या खिशात नकोत.

निळीशाई

सगळे पाठीवरच्या बॅगेबद्दलच बोलताहेत. आडवी अडकवायची बॅग अगदीच बाद करू नका. वर्ग शेजारशेजारच्या इमारतींत असतील, एकूण ओझं ३ किलोच्या आत असेल आणि दिवसातून दहा वेळा लॅपटॉप बाहेर काढायचा असेल, तर ती बॅग पुढे ओढून झाकण उघडलं की काम झालं, उतरवावीसुद्धा लागत नाही. गर्दीच्या मार्गिकेत बॅग नजरेसमोर राहते. पट्टा मात्र ४ ते ५ सेंमी रुंद हवा, डोक्यावरून तिरका घ्यायचा, आणि पट्ट्याचं कडं धातूचं असावं.

पायवाट

@निळीशाई, ३ किलोची मर्यादा तुम्हीच घातलीत म्हणून सहमत. ती मर्यादा किती लवकर ओलांडली जाते ते आकड्यांत मांडतो.

१५.६ इंची साधा लॅपटॉप १.७ ते २ किलो. चार्जर पाव किलो. ए-४ कागदाचं क्षेत्रफळ एका चौरस मीटरचा सोळावा भाग असतं, म्हणून ७० ग्रॅमी (चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागदाची २०० पानी वही, म्हणजे १०० कागद, पुठ्ठा सोडून साधारण ४४० ग्रॅम. अशा दोन वह्या. लिटरभर पाणी एक किलो, बाटली वेगळी. रिकामी बॅग पाऊण ते एक किलो. बेरीज पाच किलोच्या आसपास जाते, अजून एकही पुस्तक घातलेलं नाही. शरीराच्या वजनाच्या १० ते १५ टक्क्यांच्या आत पाठीवरचं ओझं असावं असं साधारणपणे सांगितलं जातं. ५० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ती मर्यादा ५ ते ७.५ किलो. गेमिंगचा अडीच किलोचा लॅपटॉप आणि त्याचा विटेएवढा चार्जर घेतला की ती लगेच भरते. बारा-चौदाशे ग्रॅमची रिकामी बॅग कितीही मजबूत असली तरी मी सुचवणार नाही ते यासाठी.

आकारमान १८ ते २४ लिटर पुरे. ४५ × ३० × १५ सेंमी म्हणजे २० लिटर. मोठी बॅग घेतली की ती भरली जातेच.

भरण्याचा क्रम: लॅपटॉप पाठीला चिकटून, त्याच्या पुढे पुस्तकं आणि वह्या, सगळ्यात बाहेर डबा, छत्री, हलकं सामान. जड वस्तू पाठीपासून दहा सेंमी लांब गेली की तोल सावरायला कंबर आणि मान पुढे झुकते. वजन तेच, त्रास वेगळा.

पट्टे लांब सोडून बॅग कुल्ल्यांवर लोंबवण्याची पद्धत दिसते. ती सोडावी. बॅगेची वरची कड खांद्याच्या हाडापेक्षा थोडी खाली आणि बूड कमरेच्या जरासं खाली, इतके पट्टे आवळा. पट्ट्यांची रुंदी ६-७ सेंमी, कडा मऊ. अरुंद पट्टा मानेजवळच्या स्नायूत रुततो. छातीवरचा आडवा बंद असेल तर वापरा, जिने चढताना पट्टे घसरत नाहीत. पट्टी सरकवायचं बक्कल ओझं भरून तपासा: पाच किलो घालून बॅग दहा-बारा वेळा हिसडा. पट्टी सेंमीभर जरी सरकली तर रोज चालताना एक बाजू खाली येत राहणार. पातळ, गुळगुळीत पट्टी आणि गोल कडांचं बक्कल असलं की असं होतं.

कुंदा

पावसाचं कुणी लिहिलं नाही अजून.

'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असतं ते कापडाबद्दल. बॅगेत पाणी शिरतं ते चेनमधून आणि शिवणीच्या भोकांतून. कापडाच्या आतल्या बाजूला प्लास्टिकसारखा थर असतो, त्यावर पाणी थांबतं, पण सुई तो थर प्रत्येक टाक्याला भेदते. म्हणून मुख्य चेनवर कापडाची झडप आहे का, आणि वरचा भाग एकसंध कापडाचा आहे की नेमकी तिथेच शिवण येते, हे बघा. वरून पडणारं पाणी त्या शिवणीत साचतं.

पावसाळी कव्हर सोबत येतं ते पाठ सोडून बाकी बॅग झाकतं. मुसळधार पावसात मानेवरून ओघळलेलं पाणी पाठ आणि बॅग यांच्या मधून खाली जातं आणि लॅपटॉपचा कप्पा नेमका त्याच बाजूला असतो. शिवाय कव्हरच्या बुडाशी पाणी साठतं. तिथे निचऱ्याचं भोक नसेल तर बॅग त्या डबक्यात उभी राहते. त्यामुळे माझा भर आतल्या आवरणावर आहे: जाड प्लास्टिकची, तोंडाला तीन घड्या घालून बंद करता येईल अशी पिशवी, लॅपटॉप कव्हरसकट तिच्यात. ओला लॅपटॉप मात्र त्या पिशवीत कधी ठेवू नका, आतली वाफ आतच राहते.

पाण्याची बाटली बाहेरच्या बाजूच्या खिशातच. थंड पाण्याच्या बाटलीवर झाकण घट्ट असलं तरी बाहेरून दव जमतं आणि वह्या भिजतात. खिसा १५ सेंमी तरी खोल हवा, आणि बॅग पूर्ण भरल्यावर बाटली घालून बघा. बऱ्याच बॅगांत खिशाचं कापड सपाट शिवलेलं असतं, बॅग भरली की बाटली आत जातच नाही.

दुहेरी_शिलाई

@कुंदा, आतल्या पिशवीचा मुद्दा पटला, पण बाहेरचं कव्हर अगदीच काढू नये. फोम आणि पट्टे एकदा भिजले की सुकायला दिवस लागतो आणि वास धरतात. दोन्ही वापरावं.

त्या आतल्या थराबद्दल एक भर. तो पॉलियुरेथेनचा असेल तर दमट, बंद जागेत काही वर्षांत चिकट होऊन सोलायला लागतो. कपाटात प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेली बॅग न वापरताही खराब होते ती यामुळे. जुनी पडून राहिलेली नवी बॅग घेत असाल तर आतलं कापड बोटाने चोळा. चिकट लागलं किंवा आंबूस वास आला तर घेऊ नका.

आघाडा

धन्यवाद सगळ्यांना. चेनबद्दलही कुणी सांगा. रनर पुढे जातो पण मागे चेन उघडीच राहते, हे कशामुळे? पूर्ण चेन बदलावी लागते का?

दुहेरी_शिलाई

बहुतेक वेळा चेन ठीक असते आणि रनर झिजलेला असतो.

रनर हातात घेऊन बाजूने बघा. वरची आणि खालची अशा दोन पट्ट्या दिसतील, पुढे मधोमध एका खुंटीने जोडलेल्या. पुढून दोन्ही बाजूंचे दात वेगवेगळ्या वाटांनी आत येतात आणि मागच्या अरुंद भागात एकमेकांत दाबले जातात. हजारो फेऱ्यांनंतर मागची फट मिलिमीटरच्या काही भागाने मोठी होते. एवढ्यानेच दाबणं अपुरं पडतं आणि दात जुळत नाहीत. धूळ आणि वाळू ही झीज लवकर घडवून आणतात, बॅग ठासून भरून चेन ओढली तर आणखी लवकर.

तात्पुरता उपाय: रनर चेनच्या सुरुवातीला आणा. बारीक पक्कडीने मागच्या अर्ध्या भागाची डावी कड हलकी दाबा, मग उजवी. चेन लावून बघा, नाही जमलं तर पुन्हा किंचित. एकदम जोर लावू नका. रनर जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो, तो वाकत नाही, तुटतो. हा इलाज काही आठवडे ते काही महिने टिकतो.

कायमचा उपाय म्हणजे रनर बदलणं. रनरच्या मागच्या बाजूला बहुधा आकडा कोरलेला असतो: ३, ५, ८, १०. मिटलेल्या दातांची रुंदी साधारण तितके मिलिमीटर. आकडा तोच हवा आणि दातांचा प्रकारही तोच, म्हणजे नायलॉनच्या वेटोळ्याला वेटोळ्याचा, सुट्या प्लास्टिकच्या दातांना त्यांचा. चेनच्या टोकाची दोन-तीन सेंमी शिवण उसवा, जुना रनर काढा, दोन्ही बाजूंची टोकं एका रेषेत कापून नवा रनर एकाच वेळी दोन्हींवर चढवा. एक बाजू एक दातानेही पुढे गेली तर शेवटी चेनला फुगा येतो. मग टोक जाड नायलॉन दोऱ्याने आठ-दहा टाके घालून बंद करा आणि उसवलेली शिवण परत घाला.

नवी बॅग घेताना मुख्य चेन ८ किंवा १० नंबरची, लहान खिशांना ५. मुख्य कप्प्याला ५ नंबर असेल तर एक-दोन वर्षांत हीच तक्रार येते. कोपऱ्यावर वळण मोठं, गोल हवं. काटकोनात वळवलेल्या चेनचे दात तिथेच आधी जातात. वळणावर चेन ओढताना दुसऱ्या हाताने बॅगेच्या दोन कडा जवळ धरायची सवय लावा. चेन जड चालत असेल तर दातांवर मेणबत्ती किंवा कोरडा साबण घासा. तेल नको, त्यावर धूळ बसते.

निळीशाई

चेनचा विषय निघाला म्हणून. चोरीपासून वाचवणारी म्हणून दोन रनरना कुलूप लावता येणारी बॅग विकली जाते. वेटोळ्याची चेन बॉलपेनच्या टोकाने मधेच फाकवता येते आणि कुलूप लागलेले दोन्ही रनर तिच्यावरून फिरवून ती पुन्हा मिटवताही येते, कुणी उघडल्याचं कळत नाही. कुलपापेक्षा पाठीला टेकणाऱ्या बाजूला चेन असलेला छोटा खिसा कामाचा: ओळखपत्र, पैसे, फोन त्यात. वाचनालयात बॅग खाली ठेवताना एक पट्टा खुर्चीच्या पायात अडकवून ठेवा. जागेवरून उठायचं असेल तर लॅपटॉप सोबत न्या, बॅग राहिली तरी चालेल.

आणि आतलं अस्तर फिक्या रंगाचं निवडा. काळ्या अस्तरात काळी वायर आणि काळा पेन ड्राइव्ह सापडत नाही.

कुंदा

धुण्याबद्दल एवढंच: वॉशिंग मशीन नको, तो आतला थर सुटतो. सगळे खिसे उलटे करून झटका, कोपऱ्यातली वाळू कोरड्या टूथब्रशने काढा, विशेषतः चेनच्या दातांतली. कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, मऊ ब्रश. पट्ट्यांची खांद्याकडची बाजू आधी घासा, घामाचे क्षार तिथेच असतात. पिळू नका. सगळ्या चेन उघड्या ठेवून बॅग उलटी, तोंड खाली करून सावलीत टांगा. फोम वरून सुका वाटला तरी आत ओल असते, म्हणून कप्प्यात कोरडा कागद कोंबून रात्रभर ठेवा. सकाळी कागद दमट निघाला तर अजून एक दिवस थांबा, तोवर लॅपटॉप त्यात घालू नका.